‘लिहिता येत नाही’ म्हणजे नेमके काय?

पदवीच्या वर्गातल्या मुलांना धड चार वाक्ये लिहिता येत नाहीत, ही तक्रार महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दर परीक्षेनंतर होते आणि दर वेळी ती जणू काल-परवाच उद्भवलेल्या संकटासारखी होते. शाळांचा दर्जा घसरला, मोबाइल आला, वाचन संपले, कोणालाही प्रवेश मिळू लागला, अशी कारणेही तयार असतात. या तक्रारीचे वय पाहिले की ही कारणे डळमळतात. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली ते साल १८७४. त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डने प्रवेशेच्छू मुलांकडून इंग्रजीत एक छोटा निबंध लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि तो वाचून तिथले प्राध्यापक हवालदिल झाले. १८८५मध्ये त्यांनी पहिल्या वर्षासाठी लेखनाचा एक अभ्यासक्रम सुरू केला आणि थोड्याच काळात तो सर्वांना सक्तीचा झाला. पुढे १८९०च्या दशकात नेमलेल्या समितीत एक माजी रेल्वे-अध्यक्ष आणि एक वृत्तपत्राचा संपादक अशी मातब्बर मंडळी होती. त्यांनी निकाल दिला की हे काम शाळांचे आहे, विद्यापीठाने त्यात वेळ दवडू नये. आता हार्वर्डमध्ये तेव्हा शिकत कोण होते? न्यू इंग्लंडमधल्या सुखवस्तू घराण्यांतले, उत्तम शाळांतून आलेले, घरी पुस्तकांची कपाटे असलेले तरुण. ‘सरसकट प्रवेशामुळे दर्जा घसरला’ हे स्पष्टीकरण त्यांना लागूच पडत नाही. तरीही शंभर वर्षांनी, डिसेंबर १९७५मध्ये, ‘न्यूजवीक’ने जॉनीला लिहिता का येत नाही, असा सवाल मुखपृष्ठावर छापला तेव्हा सूर तोच होता.

एखादी तक्रार शतकभर, इतक्या वेगवेगळ्या मुलांबद्दल, जवळपास त्याच शब्दांत होत असेल, तर मुलांकडे पाहण्याआधी तक्रारीकडे पाहावे लागते. तिच्या पोटात दोन गृहीतके दडलेली आहेत. लेखन हे सायकल चालवण्यासारखे एकसंध कौशल्य आहे, एकदा आले की कुठल्याही रस्त्यावर चालते, हे पहिले. आणि ते विद्यापीठात येण्यापूर्वीच यायला हवे, हे दुसरे. उच्च शिक्षणातील लेखनाध्यापनाचे संशोधन उभे राहिले ते या दोन्हींवर शंका घेऊन. १९६३मध्ये रिचर्ड ब्रॅडक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि या क्षेत्राची तुलना किमयेतून नुकत्याच बाहेर पडू पाहणाऱ्या रसायनशास्त्राशी केली. शास्त्र कमी, समजुती जास्त, असा त्याचा मथितार्थ. त्यानंतरच्या साठ वर्षांत जे हाती आले त्याची ओळख मराठी वाचकाला करून देणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. त्यातून निघणारा माझा निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. शिकून झालेला माल उत्तरपत्रिकेत मांडून दाखवायचा म्हणजे लेखन, असे आपण मानतो. प्रत्यक्षात विषय शिकण्याचा बराच भाग लिहितानाच घडतो, आणि म्हणून लेखन शिकवण्याची जबाबदारी भाषेच्या प्राध्यापकावर ढकलून बाकीच्यांना मोकळे होता येत नाही.

सुरुवात चुकांपासून करू, कारण तक्रारीचा सगळा भर तिथेच असतो. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या निबंधांतल्या चुका मोजण्याचा उद्योग अनेकांनी केला. अँड्रिया लन्सफर्ड आणि कॅरेन लन्सफर्ड यांनी २००६च्या निबंधांचा अभ्यास केला आणि जुन्या मोजण्या त्याच्या शेजारी ठेवल्या. दर शंभर शब्दांमागे १९१७मध्ये २.११ चुका, १९३०मध्ये २.२४, १९८६मध्ये २.२६ आणि २००६मध्ये २.४५. मोजण्याच्या पद्धती तंतोतंत सारख्या नव्हत्या हे खरे. पण ज्या घसरगुंडीचा एवढा गवगवा होतो ती या आकड्यांत दिसत नाही. याच तुलनेतला दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. १९१७च्या निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्द होती, २००६ची १,०३८. आणि विषयही बदलले होते. आत्मपर वर्णने मागे पडून, स्रोत वाचून त्यांच्या आधाराने युक्तिवाद करण्याची अपेक्षा आली होती. म्हणजे मुले सहापट लांब आणि बरेच अवघड लिहीत होती, आणि चुकांचे प्रमाण जवळपास तेवढेच होते. चुका कुणाच्या लिखाणात आणि कधी दिसतात, याबद्दल जोसेफ विल्यम्स यांनी १९८१मध्ये एक मिश्कील प्रयोग केला. चुकांविषयीच्या आपल्या लेखातच त्यांनी शंभरेक चुका मुद्दाम पेरल्या आणि शेवटी तसे सांगून टाकले. प्रतिष्ठित नियतकालिकातला प्राध्यापकाचा लेख म्हणून वाचणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांवरून त्या सरकून गेल्या होत्या. हातात लाल पेन असले की डोळे वेगळे होतात.

तरीही काही उत्तरपत्रिका अशा असतात की पेन बाजूला ठेवूनही त्या वाचवत नाहीत. अशा लेखनाकडे सर्वांत गंभीरपणे पाहिले ते मिना शॉनेसी यांनी. १९७०मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातली माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या सर्वांना दारे उघडली. आजवर महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या घरांतली हजारो मुले आली, आणि त्यांचे लेखन पाहून अनेक अध्यापकांनी ही मुले शिकण्यापलीकडची आहेत असे ठरवून टाकले. शॉनेसी यांनी सिटी कॉलेजातले १९७० ते १९७४मधले सुमारे चार हजार निबंध वाचून काढले. १९७७च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा की या चुका बेशिस्त नाहीत, त्यांना त्यांचे तर्कशास्त्र आहे. मुलगा नियम मोडत नसतो; अर्धवट हाती लागलेला नियम नको तिथे वापरत असतो. हे मराठीत ताडून पाहता येते. ‘सदर लेखकाने आपल्या साहित्यातून समाजाचे वास्तव चित्रण करण्यात आलेले आहे’ या धाटणीचे वाक्य मराठीच्या कोणत्याही परीक्षकाला ओळखीचे वाटेल. ‘लेखकाने’ म्हणून कर्ता आणला, आणि ‘करण्यात आलेले आहे’ म्हणून लगेच त्याला घालवून दिले. पण हे वाक्य भाषा न येण्याचे लक्षण आहे का? ही मुलगी घरी, शेतावर, मैत्रिणींशी असे वाक्य आयुष्यात बोलणार नाही. तिथे तिचे कर्ता-क्रियापद बिनचूक जुळते. ‘सदर’, ‘करण्यात आलेले’ हे तिने परिपत्रकांतून, गाइडांतून, सरकारी पाठ्यपुस्तकांतून उचलले आहे. विद्वानांची भाषा अशीच असते असा तिचा समज आहे, आणि तो समज (कबूल करायला हवे) अगदीच निराधार नाही. ती वर चढायला पाहते आहे आणि शिडीची एक पायरी निसटली आहे. त्यावर लाल रेघ मारून ‘वाक्यरचना चूक’ लिहिले, तर कुठली पायरी निसटली हे तिला कळत नाही.

डेव्हिड बार्थोलोमी यांनी १९८५च्या निबंधात हाच धागा पुढे नेला. त्यांचे म्हणणे असे, की दर वेळी लिहायला बसले की विद्यार्थ्याला त्या विषयातल्या जाणत्याचा आव आणावा लागतो, आणि तेही त्या मंडळींत बसण्याआधी. अडचण इथेच संपत नाही, कारण हे जाणते एका तऱ्हेने लिहीत नाहीत. मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट यांनी इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांत विद्यार्थ्यांशी आणि अध्यापकांशी बोलून १९९८मध्ये जे मांडले, ते आपल्याकडच्या प्रत्येक अभ्यास मंडळाने वाचावे असे आहे. चांगले लेखन कोणते, असे विचारले की सगळे अध्यापक ‘मांडणी’ आणि ‘युक्तिवाद’ हे शब्द सांगत. पण मांडणी म्हणजे काय हे उलगडून सांगा म्हटले की अडखळत, आणि जे सांगत ते विषयागणिक निराळे निघे. इतिहासाच्या निबंधावर वाहवा मिळवणारा विद्यार्थी त्याच पद्धतीने मानववंशशास्त्राचा निबंध लिहून बोलणी खाई. दोन्हीकडे त्याला सांगितले जाई ते एवढेच, की नीट लिही. आपल्या प्रश्नपत्रिका काढून पाहा. ‘चर्चा करा’, ‘साधकबाधक चर्चा करा’, ‘चिकित्सा करा’, ‘परामर्श घ्या’, ‘मूल्यमापन करा’ हे आदेश वर्षानुवर्षे छापले जातात. चर्चेत काय केले की तिची चिकित्सा होते, आणि अर्थशास्त्रातली चिकित्सा साहित्यातल्या चिकित्सेहून कशी वेगळी, हे कोणत्या तासाला शिकवतात? गाइडने यावर केव्हाच तोडगा काढला आहे. या सर्व क्रियापदांचा अर्थ बारा मुद्दे. मुलांनी तो तोडगा स्वीकारला यात मला आळस दिसत नाही. उपलब्ध माहितीवर काढलेला तो व्यवहारी निष्कर्ष आहे.

लेखन ही घडत जाणारी गोष्ट आहे, ती घडताना पाहायला हवी, ही कल्पना जॅनेट एमिग यांची. १९७१च्या त्यांच्या अभ्यासात शाळेच्या शेवटच्या वर्षातली अवघी आठ मुले होती. ती मोठ्याने बोलत बोलत लिहीत आणि एमिग ते नोंदवत. पुस्तके सांगतात तसे आधी आराखडा, मग लेखन, मग तपासणी, अशा सरळ रांगेत लेखन चालतच नाही, हे त्यातून पुढे आले. आठ जणांवरून सिद्धान्त मांडू नये हे खरे, पण प्रश्न नवा होता आणि तो इतरांनी उचलला. नॅन्सी सॉमर्स यांनी वीस नवे विद्यार्थी आणि वीस मुरलेले लेखक घेतले, प्रत्येकाकडून तीन लेख लिहून घेतले आणि प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहायला लावला. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत फरक लख्ख दिसला. विद्यार्थी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणे समजत होते. एक विशेषण काढून दुसरे घालत, पुनरुक्ती टाळत. आशय ठरलेलाच आहे, आता फक्त कपडे नीट करायचे, अशी त्यांची धारणा. मुरलेले लेखक पहिल्या खर्ड्यात आपल्याला काय म्हणायचे आहे तेच शोधत होते. परिच्छेद उचलून हलवत, मुद्दा उलटा करत, कधी अर्धे लेखन टाकून देत. यावर आपली परीक्षापद्धती ताडून पाहिली तर काय दिसते? तीन वर्षांत विद्यार्थी जे लिहितो त्यातले बहुतेक सगळे तीन तासांच्या बैठकीत, घड्याळाकडे पाहत, एकटाकी लिहिलेले असते. पहिला खर्डा हाच अंतिम खर्डा. उरलेले लेखन म्हणजे जर्नल आणि प्रकल्प, तेही बहुधा गेल्या वर्षीच्या प्रतीवरून उतरवलेले. पुनर्लेखनाची संधीच न देणारी व्यवस्था पुनर्लेखन येत नाही म्हणून विद्यार्थ्याला दोष देते, हा प्रकार चमत्कारिकच म्हणायचा.

लिहिल्याने विषय कळतो, हा या संशोधनाचा सर्वांत आकर्षक दावा, आणि म्हणूनच तो सर्वांत सावधपणे घ्यायला हवा. रॉबर्ट बँगर्ट-ड्राउन्स आणि सहकाऱ्यांनी २००४मध्ये ४८ अभ्यास एकत्र करून तपासले. लेखनाचा शिकण्यावर परिणाम होतो, पण तो माफक आहे. अधिक लांब लिहायला लावल्याने तो वाढत नाही, उलट घटू शकतो; आपल्याला काय कळले, कुठे अडले, याकडे लिहिणाऱ्याचे लक्ष वळवले तर मात्र वाढतो. २०१५मध्ये पॉल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ८० महाविद्यालये-विद्यापीठांतल्या सत्तर हजारांवर विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हाही हेच निराळ्या वाटेने दिसले. किती पाने लिहिली यापेक्षा तीन गोष्टींचा विद्यार्थ्यांनी सांगितलेल्या प्रगतीशी अधिक संबंध होता: लिहिताना कुणाशी बोलणे वा मसुदा दाखवणे, स्वतः अर्थ लावायला लागेल असे काम, आणि काय अपेक्षित आहे हे अध्यापकाने आधी स्पष्ट सांगणे. थोडक्यात, ‘मुलांना भरपूर लिहायला लावा’ या लोकप्रिय सल्ल्याला पुराव्याचा पाठिंबा नाही. वीस पानी असाइनमेंटचा गठ्ठा जमा करून घेणारा अध्यापक लेखन शिकवतो आहे असे म्हणता येणार नाही. एकच पान, पण खऱ्या प्रश्नावरचे, दोनदा लिहून घेणारा कदाचित शिकवतो आहे.

यावर पहिला आक्षेप व्याकरणाच्या कैवाऱ्यांचा असतो: आधी शुद्ध लिहायला शिकवा, विचार नंतर. ब्रॅडक यांच्या आढाव्याने १९६३मध्येच सांगितले होते की औपचारिक व्याकरण वेगळे शिकवून लेखन सुधारत नाही, उलट लेखनाचा वेळ खाल्ल्याने नुकसान होऊ शकते. जॉर्ज हिलॉक्स यांच्या १९८६च्या मोठ्या आढाव्यानेही याला दुजोरा दिला. हे निष्कर्ष इंग्रजीचे आहेत, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांचा, ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न वेगळा, हे मान्य. पण ‘आणि’ ऱ्हस्व लिहिता आले म्हणजे दोन विधानांतला संबंध मांडता आला, असे मराठीतही होत नाही. याहून खोल आक्षेप दुसऱ्या बाजूने आला आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेलपिट यांनी १९८८मध्ये लिहिले की मुलांना मुक्तपणे व्यक्त होऊ द्या, चुकांची चिंता नको, असे म्हणणारे उदारमतवादी शिक्षक सत्तेच्या भाषेचे नियम मुलांपासून दडवतात. ज्यांच्या घरात ते नियम आहेत त्यांचे काही बिघडत नाही. ज्यांच्या घरात नाहीत त्यांना ते वर्गात न मिळाले तर कुठेच मिळत नाहीत. प्रमाण मराठी आणि बोली यांच्यातले अंतर, आणि त्या अंतराला चिकटलेली जात-वर्गाची ओळख ध्यानात घेता, या आक्षेपाला महाराष्ट्रात दुप्पट वजन आहे. ‘बोलीत लिहू द्या’ एवढे म्हणून सुटका होत नाही. मात्र डेलपिट यांची मागणी लाल रेघांची नाही. नियम उघड सांगा, ते कोणाचे आहेत हेही सांगा, एवढीच ती आहे. जॉन स्वेल्स यांनी १९९०मध्ये शोधनिबंधांच्या प्रास्ताविकांची जी उकल केली ती याच प्रकारची. आधी क्षेत्र किती महत्त्वाचे ते सांगायचे, मग त्यातली मोकळी जागा दाखवायची, मग ती आपण कशी भरणार ते मांडायचे. बहुतेक संशोधक या तीन चाली वाचून वाचून नकळत शिकलेले असतात. ज्याला कोणी सांगितले नाही तो मराठीतला पीएच.डी.चा विद्यार्थी प्रबंधाचे पहिले प्रकरण ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ इथून सुरू करतो आणि पन्नास पानांनी विषयाशी पोचतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. वर्गात शंभर-सव्वाशे मुले, तासिका तत्त्वावरचे अध्यापक, रिक्त जागा; मसुदे वाचणार कोण? हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला संशोधनाचे पूर्ण उत्तर नाही. पण प्रत्येक मसुद्यावर प्रत्येक चूक दाखवलीच पाहिजे, हे गृहीत धरल्याने ओझे आहे त्याहून मोठे दिसते. सॉमर्स यांनी १९८२मध्ये ३५ अध्यापकांचे शेरे तपासले तेव्हा बरेचसे शेरे कुठल्याही वहीवर चालतील असे मोघम आढळले, आणि काही तर परस्परविरोधी: हे वाक्य नीट करा, आणि शेजारीच, हा परिच्छेद पुन्हा विचार करून लिहा. जो परिच्छेद टाकायचा आहे त्यातले वाक्य कशाला नीट करायचे? असे शेरे लिहिण्यात जाणारे तास वाचवता येतात. पिट्सबर्गमध्ये क्वांगसू चो आणि ख्रिश्चन शुन यांनी दाखवले की स्पष्ट निकष दिले, तर अनेक सहाध्यायांचे मिळून आलेले अभिप्राय मसुदा सुधारायला एका तज्ज्ञाच्या अभिप्रायाच्या तोडीस तोड ठरू शकतात. दुसऱ्याचा खर्डा वाचता वाचता स्वतःचाही नव्याने दिसू लागतो, हा त्यातला वरकड लाभ.

हे सगळे परक्या भाषेतले, परक्या विद्यापीठांतले, या तिसऱ्या आक्षेपाला मी अर्धा मान देतो. अमेरिकेतली आकडेवारी उचलून इथले धोरण ठरवू नये. पण उसने आणायचे आहेत ते प्रश्न आणि पद्धती. वाङ्मयचौर्याचेच उदाहरण घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनी साम्याच्या पायऱ्या ठरवल्या: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या रेषा. टक्केवारी कमी कशी करायची याचा धंदा त्यानंतर शहरोशहरी उभा राहिला. रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात दाखवले होते, की मूळ मजकुरातली वाक्ये घेऊन चार शब्द इकडेतिकडे करण्याचा प्रकार, ज्याला आपण ठिगळलेखन म्हणू, बऱ्याचदा चोरी नसतो. न पचलेला मजकूर पचवण्याच्या धडपडीतला तो एक टप्पा असतो. चोर आणि धडपडणारा यांतला फरक सॉफ्टवेअरला दिसत नाही. मसुदा वाचणाऱ्याला दिसतो. आणि आता सांगाल तो निबंध यंत्र क्षणात लिहून देते, तेव्हा केवळ अंतिम प्रतीला गुण देणाऱ्या पद्धतीकडे मोजण्यासारखे फारसे काही उरलेले नाही.

शॉनेसी यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे होते ते प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलेले कागद, जे इतरांनी गुण देऊन बाजूला सारले होते. असे कागद महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दर सत्राला लाखोंनी जमा होतात. त्यांत ‘सदर लेखकाने’ आहे, बारा मुद्दे आहेत, बोलीतून प्रमाण भाषेत येताना वाटेत अडलेली क्रियापदे आहेत, वैतागून मध्येच सोडलेले आणि घाईत पुन्हा धरलेले विचार आहेत. ठरलेली मुदत संपली की हे गठ्ठे निकाली काढले जातात. नावे आणि बैठक क्रमांक झाकून, त्यांतल्या चार हजार उत्तरपत्रिका गुण न देता वाचायला एखाद्या विभागाला दोन वर्षे पुरावीत.